मराठी पानाची अक्षररचना: नवख्या डिझाइन विद्यार्थ्यांसाठी, पायरीपायरीने

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या मराठी पोस्टरमध्ये मला दरवर्षी त्याच चुका दिसतात. शिरोरेखा तुटलेली असते, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसलेला असतो, आणि ‘शिबिर’ मधल्या वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या असतात. लीडिंग, ट्रॅकिंग, कर्निंग, बेसलाइन हे शब्द या मुलांना पाठ असतात. पण ते रोमन लिपीच्या उदाहरणांवर शिकलेले असतात आणि देवनागरीवर जसेच्या तसे लावले जातात. दुसरं कारण कामाचा क्रम. बहुतेक जण आधी फॉन्ट निवडतात आणि मजकूर वाचतात सगळ्यात शेवटी. हा लेख वाचताना एक खरं पान सोबत करा. प्रत्येक संज्ञा हाताखाली येईल तेव्हा ती समजून घेऊ.

तयारी: काय हाताशी हवं

सरावासाठी आपण ए-५ आकाराचं, म्हणजे १४८ × २१० मि.मी.चं एक पत्रक घेऊ: गावातल्या वाचनालयाच्या तीन दिवसांच्या व्याख्यानमालेचं. त्यात एक मथळा, तीन व्याख्यानांचे विषय, दिवस-वेळ, ठिकाण आणि चार-पाच ओळींचं निवेदन असेल. रंग नाही, चित्र नाही. काळ्या अक्षरात पान उभं राहिलं नाही, तर रंगाने ते सावरत नाही.

एक मिलिमीटरची पट्टी, एक पेन्सिल आणि प्रिंटर जवळ ठेवा. प्रिंटर घरी नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात दोन-तीन चकरा होतील असं धरून चाला. पडद्यावर १०० टक्के दिसणारं पान कागदावर त्याच मापाचं दिसेलच असं नाही, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो.

पायरी १: मजकूर आधी शुद्ध करा

लेआउटची फाइल अजून उघडू नका. साध्या संपादकात मजकूर टाइप करा आणि तो युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ओळखायचा असेल तर त्याचा फॉन्ट बदलून पाहा. मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसला, की तो जुना मजकूर समजा. रूपांतर करणारी साधनं मोफत मिळतात, पण रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं ओळीओळीने तपासावीच लागतात.

टायपिंगच्या या चुका पुढे डिझाइनच्या चुका म्हणून दिसतात:

- ऱ्य आणि र्य. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. या पापणीसारख्या र साठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे ची कळ दाबली की ते येतं, मग हलन्त आणि मग य.
- विसर्गाच्या जागी कोलन. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ नीट बघा. दुसऱ्यात मध्ये कोलन आहे. त्याने शिरोरेखेची लय मोडते आणि कधीकधी ओळही तिथेच तुटते.
- ॲ दोन तऱ्हांनी लिहिणं. ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे. ‘अ’ वर चंद्र टाइप करून बनवलेला ‘अॅ’ दिसायला तसाच असतो, पण काही फॉन्टमध्ये चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं आणि फाइलमध्ये शोध घेताना शब्द सापडत नाही.
- दुहेरी स्पेस आणि रिकामे एंटर. अंतर हवं असेल तर ते परिच्छेदाच्या सेटिंगमधून द्या.

पहिल्या मुद्द्याची किंमत मी मोजली आहे. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी एका उत्सवाचा अहवाल माझ्याकडे होता. त्यात तीन दिवस पंगती सांभाळणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मानायचे होते. छापून आलं ‘आचार्यांचे आभार’. सगळ्या प्रती वाटून झाल्या होत्या, आणि ज्या माणसांनी चुलीपुढे घाम गाळला होता त्यांचा उल्लेख अहवालात उरलाच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलमध्ये ‘र्या’ शोधतो आणि दिसलेली प्रत्येक जागा शब्द वाचून पक्की करतो.

तपासा: ‘र्य’, ‘र्ह’, कोलन आणि दुहेरी स्पेस हे चार शोध पूर्ण झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

पायरी २: सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येते का, ते बघा

‘शि’ टाइप करताना आपण आधी श आणि मग वेलांटी देतो, पण दिसताना वेलांटी श च्या आधी येते. ही अदलाबदल, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर नेणं, जोडाक्षर बनवणं, ही सगळी कामं सॉफ्टवेअरचं अक्षरजुळणी इंजिन फॉन्टमधल्या नियमांच्या आधारे करतं. ते इंजिन बंद असेल तर उत्तम फॉन्टही चुकीचा दिसतो, आणि विद्यार्थी फॉन्टला दोष देत बसतो.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा आणि मग परिच्छेदाच्या पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोजर घ्या. फोटोशॉपमध्येही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये असाच पर्याय असतो. आवृत्तीनुसार नावं थोडी बदलतात. इंकस्केपमध्ये वेगळं काही चालू करावं लागत नाही. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमनपासून वेगळा ठरतो. त्यामुळे आकार बदलूनही मराठी अक्षर हलत नसेल, तर तुम्ही बहुधा रोमनचाच आकार बदलत आहात.

त्याच वेळी मजकुराची भाषा ‘मराठी’ करा. ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असतो आणि श देठाचा. हिंदी वळणात दोन्ही वेगळे दिसतात. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप भाषा मराठी केल्यावरच बाहेर येतं. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं धरली आहेत.

इशारा: फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ही सेटिंग तपासा. वेलांटी पुढे सरकून ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर अक्षरं हाताने सरकवून दुरुस्त करू नका. आधी कंपोजर तपासा.

पायरी ३: अक्षराचे अवयव ओळखा

आता तुमच्या मजकुरातला एक शब्द ७२ पॉइंटमध्ये छापा. ‘मूर्तींना’ घ्या. त्यावर पेन्सिलने आडव्या रेघा मारा.

पहिली रेघ शिरोरेखेवर. देवनागरी अक्षर या रेघेला टांगलेलं असतं, आणि रोमनशी असलेला मोठा फरक इथे आहे. रोमन अक्षरं खालच्या आधाररेषेवर, म्हणजे बेसलाइनवर उभी राहतात आणि डोळा त्या रेषेवरून धावतो. मराठी वाचताना डोळा शिरोरेखेवरून धावतो. दुसरी रेघ आधाररेषेवर मारा, जिथे म चा उभा दंड संपतो. या दोन रेघांमधला मधला पट्टा म्हणजे अक्षराचं धड. रोमनमध्ये ज्या कामासाठी एक्स-हाइट, म्हणजे लहान x ची उंची बघतात, त्या कामासाठी इथे धडाची उंची बघायची.

शिरोरेखेवरचा तो ‘वरचा पट्टा’: मात्रा, वेलांटीची कमान, रफार, अनुस्वार आणि चंद्राचा. ‘र्तीं’ मध्ये कमान, रफार आणि टिंब एकाच डोक्यावर बसलेत. आधाररेषेखालचा तो ‘खालचा पट्टा’: उकारांचा, ऋकाराचा आणि पाय मोडल्याच्या खुणेचा. ‘ठ्ठ’ सारखी उभी जोडाक्षरंही तिथे उतरतात.

अजून दोन गोष्टी बघून ठेवा. व, ब, ष मधली बंद पांढरी जागा म्हणजे पोकळी, आणि रेषेच्या जाड-बारीकपणातला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट.

भ आणि म, ध आणि घ या जोड्या शेजारी लिहा. भ आणि ध यांची शिरोरेखा डावीकडे तुटलेली असते. लहान आकारात, जाड फॉन्टमध्ये ती बारीक फट शाईने भरते आणि ‘भात’ चा ‘मात’, ‘धन’ चं ‘घन’ होतं.

पायरी ४: आता टाइपफेस निवडा

टाइपफेस म्हणजे अक्षरांचं एक पूर्ण कुळ, आणि फॉन्ट म्हणजे त्या कुळातला एक ठरावीक जाडीचा, वापरता येणारा संच. बोलताना दोन्हींना फॉन्टच म्हटलं जातं आणि त्याने काही बिघडत नाही. जाडीला वेट म्हणतात.

नाव बघून किंवा यादीत स्क्रोल करून निवड करू नका. ही कसोटीची ओळ एकदा टाइप करा आणि प्रत्येक उमेदवार फॉन्टमध्ये छापून बघा:

*विठ्ठलाच्या चिठ्ठ्या, दऱ्याखोऱ्या, ऱ्हस्व, हृदय, उद्ध्वस्त, ब्राह्मी, मूर्तींना, श्रॉफ, ॲप, ट्रॉली, लाल शाल, बाळ, भात-मात, धन-घन, १२३४५६७८९०*

‘दऱ्या’ मध्ये पापणीचा र नीट बसतो का? ‘उद्ध्वस्त’ तुटतो का? ‘मूर्तींना’ मधलं टिंब रफाराला चिकटतं का? ‘लाल शाल’ मराठी वळणात येते का? ‘श्रॉफ’ चा चंद्र कानाच्या डोक्यावर आहे की हवेत? पाचांपैकी दोन ठिकाणी अडलात तर तो फॉन्ट सोडा, कितीही देखणा असला तरी.

सुरुवात कुठून करायची हे विचाराल, तर मी मोफत आणि मुक्त परवान्याच्या फॉन्टकडे बोट दाखवीन. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’ मध्ये सात वेट आहेत, त्यामुळे एकाच कुळात मथळा आणि मजकूर दोन्ही भागतं. ‘टिरो देवनागरी मराठी’ पुस्तकी मजकुरासाठी सुरेख आहे. त्याच कुळात हिंदी आणि संस्कृतच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत, म्हणून डाउनलोड करताना नाव नीट वाचा. त्यात ठळक वेट नाही, तेव्हा मथळ्यासाठी सोबतीला दुसरं कुळ लागेल. ‘नोटो सान्स देवनागरी’ पडद्यासाठी भरवशाचा. ‘बालू’ आणि ‘मोदक’ मोठ्या मथळ्यासाठीच आहेत. त्यात चार ओळींचं निवेदन बसवलंत तर पोकळ्या भरतील आणि कुणी वाचणार नाही.

इशारा: ठळक किंवा तिरपं करायचं बटण दाबून नसलेलं वेट बनवू नका. सॉफ्टवेअर नुसती कड वाढवतं आणि पोकळ्या बुजवतं. तिरपं करणं तर देवनागरीत बहुतेक वेळा अक्षर ढकलल्यासारखं दिसतं. शब्दावर जोर हवा असेल तर खरं ठळक वेट घ्या.

पायरी ५: आकार आणि ओळींमधलं अंतर

हा सगळ्यात जास्त वेळ द्यायचा टप्पा.

पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, साधारण ०.३५ मि.मी. म्हणून १२ पॉइंट म्हणजे सव्वाचार मि.मी. पण छापलेल्या १२ पॉइंटच्या अक्षराचं धड पट्टीने मोजलं, तर ते याहून बरंच कमी भरतं. पॉइंट अक्षर मोजत नाही. पूर्वी तो शिशाच्या खिळ्याची उंची मोजायचा, आता तेवढ्या उंचीची अदृश्य चौकट मोजतो. त्या चौकटीत वरचा आणि खालचा पट्टाही बसवायचा असतो, आणि धड केवढं ठेवायचं ते टाइपफेस करणारा ठरवतो. म्हणून एका फॉन्टचा ११ पॉइंट दुसऱ्याच्या १३ एवढा दिसू शकतो. आकडा पाठ करू नका, धडाची उंची बघा. दोन फॉन्ट एका पानावर येत असतील तर दोघांची धडं डोळ्याने जुळवा. हाच नियम रोमन सोबत असताना. ईमेल पत्ता किंवा इंग्रजी नाव मराठी ओळीत आलं आणि ते ओरडल्यासारखं दिसलं, तर त्याचा आकार थोडा उतरवा.

लीडिंग म्हणजे एका ओळीच्या आधाररेषेपासून पुढच्या ओळीच्या आधाररेषेपर्यंतचं अंतर. इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटर स्वतःहून आकाराच्या १२० टक्के लीडिंग देतात. रोमनसाठी ते चालतं. मराठीत वरचा आणि खालचा असे दोन्ही पट्टे भरलेले असतात, म्हणून तेवढ्यात ओळी एकमेकींत घुसतात. आपल्या पत्रकाचं निवेदन ११ पॉइंटमध्ये घ्या. आपोआप मिळालेलं लीडिंग १३.२ असेल. ते काढून १६ करा, मग १७. मी मजकुरासाठी १४५ ते १५५ टक्क्यांपासून सुरुवात करतो आणि फॉन्ट बघून पुढेमागे करतो.

किती पुरेसं, ते ठरवायला ही जोडी वापरा. वरच्या ओळीत ‘चिठ्ठ्या, बुद्धू, हृदय’, आणि त्यांच्या बरोबर खाली ‘मूर्तींना, वर्षांनी, कैऱ्यांची’. खाली उतरलेलं आणि वर चढलेलं यांच्यामध्ये स्पष्ट पांढरी वाट दिसली पाहिजे. मथळा दोन ओळींचा असेल तर मात्र अंतर टक्क्यांनी ठरवू नका. मोठ्या आकारात १५० टक्के फार सैल पडतं. मथळ्यात शब्द ठरलेले असतात, म्हणून नेमके कोणते उकार आणि कोणत्या वेलांट्या समोरासमोर येतात ते बघून अंतर आवळा.

ओळीची लांबी मराठीत शब्दांनी मोजलेली बरी. विभक्ती-प्रत्ययांमुळे आपले शब्द लांब होतात. आठ ते अकरा शब्दांची ओळ सुखाने वाचता येते. दोन्ही बाजूंना १५ मि.मी. समास सोडला, तर आपल्या पत्रकात ११८ मि.मी. रुंदी उरते आणि ११ पॉइंटमध्ये साधारण तेवढेच शब्द बसतात.

तपासा: छापलेलं पान हातभर लांब धरा आणि डोळे किंचित मिटा. निवेदनाचा परिच्छेद एकसारख्या करड्या पट्ट्यांचा दिसायला हवा. कुठे काळा डाग दिसला तर तिथे ओळी भिडल्यात.

पायरी ६: अक्षरांमधल्या अंतराला हात लावू नका

ट्रॅकिंग म्हणजे सगळ्या अक्षरांमध्ये सारखं अंतर वाढवणं-कमी करणं, आणि कर्निंग म्हणजे एखाद्याच जोडीतलं अंतर नीट करणं. रोमन मथळा हवेशीर करायला ट्रॅकिंग वाढवतात. मराठीत तेच केलं की ‘व्याख्यानमाला’ ची शिरोरेखा तुकड्या-तुकड्यांत तुटते, काना शेजारच्या अक्षरापासून सुटतो आणि एक शब्द सहा शब्दांसारखा दिसतो. देवनागरीत शिरोरेखेतला खंड म्हणजेच शब्द संपल्याची खूण आहे. ट्रॅकिंग शून्य ठेवा. वेबपानावरही अक्षर-अंतर शून्य. इंग्रजीसाठी दिलेलं अंतर मराठीला वारशाने येत नाही ना, ते बघा.

मथळा जागेत मावत नाही म्हणून तो आडवा दाबणं किंवा ताणणं हीसुद्धा तीच चूक. त्याने उभे दंड बारीक आणि शिरोरेखा जाड, किंवा उलट होतं. आकार कमी करा, नाहीतर अरुंद वळणाचा टाइपफेस शोधा.

पायरी ७: काय आधी वाचलं जावं

आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं नाहीत, आणि तिरपं अक्षरही भरवशाचं नाही. म्हणजे श्रेणी, वाचनाचा क्रम, दाखवायला आपल्याकडे आकार, वेट आणि मोकळी जागा एवढीच साधनं उरतात. तीन पातळ्या पुरतात. पत्रकात मथळा ३० पॉइंट ठळक, व्याख्यानांचे विषय १५ पॉइंट मध्यम, बाकी सगळं ११ पॉइंट साधं. लगतच्या दोन पातळ्यांत फरक ठसठशीत हवा. ११ आणि १२ पॉइंटमधला फरक वाचकाला चूक वाटते.

विषय आणि त्याची वेळ एकमेकांजवळ, आणि पुढचा विषय त्यांच्यापासून दूर. विद्यार्थी सगळीकडे सारखं अंतर देतात, मग कुठली वेळ कुठल्या व्याख्यानाची हे कळत नाही.

निवेदन डावीकडे जुळवा. दोन्हीकडे जस्टिफाय केलं की लांब शब्दांमुळे ओळीत भगदाडं पडतात आणि परिच्छेदातून पांढऱ्या नद्या वाहतात. मधोमध जुळणी मथळ्याला शोभते, पाच ओळींच्या निवेदनाला नाही. मथळा तोडायचाच तर अर्थाच्या जागी तोडा. ‘व’ किंवा ‘आणि’ ओळीच्या शेवटी लटकवू नका. आकडे एकाच लिपीत ठेवा. तारीख देवनागरीत आणि वेळ रोमन आकड्यांत, असं पान अर्धवट वाटतं.

पायरी ८: कागदावर तपासा, मगच छापखान्यात

पान खऱ्या मापात छापा. प्रिंटच्या खिडकीतला ‘फिट टू पेज’ बंद करा आणि पट्टीने समास मोजून खात्री करा.

मग तीनदा वाचा. पहिल्या वेळी पट्टी ओळीखाली धरून फक्त शिरोरेखेच्या वरचं बघा: अनुस्वार, रफार, मात्रा, चंद्र. दुसऱ्या वेळी फक्त खालचं: ऱ्हस्व-दीर्घ उकार, ऋकार. अर्थ तिसऱ्या वेळी. अर्थ आधी वाचायला घेतला तर डोळा चुका आपोआप दुरुस्त करून पुढे जातो.

फाइल देताना पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालेत का, म्हणजे फाइलमध्येच सामावलेत का ते फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बघा. छापखान्याने आउटलाइन, म्हणजे अक्षरांची आकृती केलेली फाइल मागितली तर वेगळी प्रत काढून तिच्यावर ती करा. एकदा आकृती झालेल्या अक्षरात वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. कडेपर्यंत छपाई असेल तर चारही बाजूंना ३ मि.मी. ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर जाणारी जादा छपाई द्या.

छापखान्यातून प्रूफ आलं की ते तुमच्या प्रिंटशेजारी ठेवा आणि ‘र्य’, वेलांट्या, ल आणि श या चार गोष्टी पुन्हा एकदा जुळवा. बरोबर असेल तर त्या प्रूफवर तारीख घाला, सही करा आणि छपाई सुरू करायला सांगा.